नुसते ‘संधिवात’ लिहिणे म्हणजे निदान नव्हे

आपल्याकडे सांधा दुखू लागला की ‘वात’ झाला असे म्हणतात. कोणी त्याला संधिवात म्हणतो, कोणी आमवात, तर कोणी ‘बोटं धरलीत’ एवढेच सांगतो. घरात बोलायला एवढे पुरेसे आहे. पण हाच मोघम शब्द डॉक्टरांच्या केसपेपरवर, विम्याच्या फॉर्मवर आणि रुग्णालयाच्या संगणकात जाऊन बसला, की त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून आज हाताच्या सांध्यांविषयी लिहिताना औषधांपेक्षा कागदाविषयी अधिक लिहिणार आहे.

माझा दवाखाना दादरला आहे. गावाकडून परळच्या के.ई.एम. रुग्णालयात किंवा एखाद्या मोठ्या डॉक्टरांना हात दाखवायला आलेले रुग्ण दादर-परळच्या नातेवाइकांकडे उतरतात, आणि ते नातेवाईक त्यांना आधी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे, म्हणजे माझ्यासारख्याकडे घेऊन येतात. रुग्णाच्या हाती एक प्लास्टिकची पिशवी असते. तीत एक्स-रे असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, औषधांची बिले असतात, चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. नसते ते एवढेच, की या माणसाला नेमका कोणता रोग आहे, तो कोणत्या सांध्यात आहे आणि केव्हापासून आहे. प्रत्येक चिठ्ठीवर ‘सांधेदुखी’ किंवा ‘आर्थ्रायटिस’ एवढाच शब्द आणि खाली वेदनाशामक गोळी. माझे स्पष्ट मत असे, की अशा चिठ्ठीवर औषध आहे, पण निदान नाही.

हात एकच, रोग मात्र अनेक

हाताकडे नीट पाहिले तर सांधे स्वतःच बरेच काही सांगतात. बोटाच्या टोकाजवळच्या, नखामागच्या सांध्यावर कडक गाठी आल्या असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर बहुधा ती सांध्याची झीज असते. या गाठींना अठराव्या शतकातील लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांचे नाव आहे. अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखतो, बरणीचे झाकण फिरवताना किंवा पिळा घालताना कळ येते, तीही बहुतेकदा झीजच. दादरच्या फूलबाजारात पहाटेपासून हार ओवणाऱ्या बायका, पोळीभाजी केंद्रात कणीक तिंबणाऱ्या बायका, शिंपीकाम करणारे कारागीर, यांच्या तोंडून अंगठ्याची ही तक्रार मी नेहमी ऐकतो.

याउलट मनगटे आणि बोटांच्या मुळाचे सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारे टेंगूळ, दोन्ही हातांत सारखेच सुजले असतील, सकाळी तासाहून अधिक वेळ मूठ वळत नसेल, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची शंका घ्यावी लागते. बरेच लोक यालाच आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. हा रोग स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने आढळतो आणि ऐन कामाच्या वयात गाठतो. सोरायसिस हा त्वचारोग असलेल्या काहींच्या बोटांना वेगळाच संधिवात होतो. त्यात टोकाचा सांधा सुजतो आणि नखांवर बारीक खळगे पडतात. गाऊट हा युरिक ॲसिडचा रोग बहुधा पायाच्या अंगठ्यात सुरू होत असला, तरी हातातही येतो.

शिवाय आपल्या महाराष्ट्राने चिकुनगुनिया चांगलाच अनुभवला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९७३ साली त्याची साथ आली होती. पुढे तीसएक वर्षे हा रोग लोकांच्या विस्मरणात गेला, आणि २००६ साली राज्यभर पसरला. ताप चार दिवसांत उतरतो; मनगटे आणि बोटे मात्र काहींना कित्येक महिने छळतात. तो हात पाहिला तर हुबेहूब आमवातासारखा दिसतो. दोहोंतील फरक कळण्याचा एक मोठा आधार म्हणजे ताप केव्हा आला होता ती तारीख. ती कोणी लिहिलेलीच नसेल तर सहा महिन्यांनी रुग्णालाही ती आठवत नाही.

या सगळ्या रोगांचे उपचार वेगळे आहेत. झिजेला शेक, व्यायाम, अंगठ्याला आधारपट्टी आणि गरजेपुरते वेदनाशामक पुरते. आमवाताला मात्र पहिल्या काही महिन्यांतच रोग आवरणारी औषधे सुरू व्हावी लागतात. तो काळ निसटला की हाड कुरतडले जाते, बोटे वाकडी होतात, आणि एकदा वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणजे ‘संधिवात’ या एका शब्दाखाली आपण थांबू शकणारा रोग आणि थांबू न शकणारा रोग एकाच पिशवीत कोंबतो.

कोड कशासाठी?

अलीकडे रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर रोगाच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर आणि काही आकडे दिसतात. पुष्कळांना ते बिलाचे काहीतरी वाटते. वास्तविक तो रोगाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. याची सुरुवात मृत्यूच्या कारणांपासून झाली. फ्रान्सचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तीत मृत्यूंबरोबर आजारही आले. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडच्या कागदांवर अजून बहुधा दहावीचेच क्रमांक दिसतात.

या दहाव्या यादीत सांध्यांचे बहुतेक रोग ‘एम’ या अक्षराखाली आहेत. रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह असलेला आमवात एम ०५. फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असेल तर एम ०६.०. टोकाच्या सांध्यावरील हेबर्डनच्या गाठी एम १५.१. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज एम १८. गाऊट एम १०. चिकुनगुनिया ए ९२.०. कोणत्या भागाचा सांधा हे सांगायला आणखी एक आकडा जोडता येतो. मनगटाचा सांधा ३ मध्ये आणि हाताची बोटे ४ मध्ये. अमेरिकेने तर १ ऑक्टोबर २०१५ पासून उजवा-डावाही वेगळा केला. बोटांच्या सांध्यांची मूळची झीज उजव्या हातात असेल तर एम १९.०४१ आणि डाव्या हातात असेल तर एम १९.०४२! आपल्या वैद्यांचे शब्दही यातून सुटलेले नाहीत. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील रोगांच्या संज्ञांसाठी अकराव्या यादीत स्वतंत्र विभाग तयार झाला असून १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत तो जाहीर करण्यात आला.

आता या यादीत आणखी एक क्रमांक आहे, एम १३.९. त्याचा अर्थ ‘आर्थ्रायटिस, प्रकार सांगितलेला नाही’. घाईत असलेल्या माणसाला हा क्रमांक फार आवडतो. डॉक्टरने कागदावर ‘आर्थ्रायटिस’ एवढेच लिहिले असेल, तर नोंद करणारा कारकून तरी दुसरे काय करणार? कोड देणारा रुग्णाचा हात पाहत नाही, तो कागद पाहतो. कागदावर जे नाही ते कोडात येत नाही, आणि जे कोडात नाही ते सरकारच्या आकडेवारीत येत नाही. मग जिल्ह्यात आमवाताचे रुग्ण किती, त्यांची औषधे किती मागवायची, हे ठरवायचे कशावरून?

भिगवणचा धडा

नीट नोंद केली तर काय साधते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण या गावी १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेली ही पद्धत साधी होती. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, कागदावर छापलेल्या माणसाच्या आकृतीवर कुठे दुखते तिथे खूण करायची, आणि ज्यांना त्रास आहे त्यांना मग डॉक्टरांनी तपासायचे. चार हजारांहून अधिक प्रौढांची नोंद झाली. त्यांतील शंभरामागे सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला तो हजारी सुमारे पाच जणांना.

या दोन आकड्यांतच या लेखाचे सार आहे. दुखणारे पुष्कळ, आमवाताचे थोडे. पुष्कळांना विनाकारण घाबरवायचे नाही आणि थोड्यांना गर्दीत हरवू द्यायचे नाही. सगळ्यांच्या कागदावर ‘संधिवात’ लिहिले असते, तर भिगवणलाही यातले काहीच कळले नसते. जे काम गावातल्या स्वयंसेवकांनी एका आकृतीवर खूण करून केले, ते दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला करता येऊ नये, हे मला पटत नाही.

एका शब्दाचे वजन

माझे एक रुग्ण खासगी कचेरीत हिशेबनीस आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगठ्याचे बूड दुखत होते. कोणा दवाखान्यात त्यांना गोळ्या मिळाल्या आणि कागदावर लिहून आले ‘आर्थ्रायटिस’. पुढे त्यांनी आरोग्यविमा घेतला. फॉर्मवर हे दुखणे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले आणि तो कागदही जोडला. पॉलिसीला अडीच वर्षे झाली असताना त्यांची मनगटे आणि बोटांची मुळे सुजली. तपासण्या झाल्या, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले. पुढे एका महागड्या औषधाच्या सलाइनसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कंपनीने दावा नाकारला. कारण काय, तर ‘आर्थ्रायटिस विमा घेण्यापूर्वीपासून होता’.

आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपन्यांना काही काळ खर्च न देण्याची मुभा असते. पूर्वी हा काळ जास्तीत जास्त चार वर्षांचा असे. २०२४ च्या नियमांनी तो तीन वर्षांवर आला. पण अंगठ्याची झीज आणि आमवात हे दोन निराळे रोग आहेत. एकाचा क्रमांक एम १८, दुसऱ्याचा एम ०५. नशीब असे, की अंगठ्याचा जुना एक्स-रे त्यांच्या पत्नीने कपाटात जपून ठेवला होता. त्यावर अंगठ्याच्या बुडाची झीज दिसत होती आणि मनगट स्वच्छ होते. त्या फिल्मवरच्या तारखेच्या आधारे मी पत्र दिले. पत्रव्यवहारात कित्येक महिने गेले, पण दावा मंजूर झाला. पहिल्याच कागदावर ‘उजव्या अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज’ हे शब्द असते, तर हा सगळा व्याप झालाच नसता. एक्स-रे हरवला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको.

रोजची गोळी की आठवड्याची?

विम्यात पैसे जातात. पण लिहिण्यातल्या हलगर्जीपणाने जीवही जाऊ शकतो. आमवातावर मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त आणि उत्तम औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आपल्याला मात्र गोळी म्हटली की रोज, अशीच सवय. चिठ्ठीवर वार लिहिलेला नसेल, अक्षर लागत नसेल, आणि रुग्णाने किंवा औषधाच्या दुकानातील मुलाने ‘रोज एक’ असा अर्थ घेतला, तर तोंड येते, रक्तातील पेशी घटतात आणि रुग्ण दगावूही शकतो. म्हणून या औषधापुढे ‘आठवड्यातून एकदाच’ असे लिहून वाराचे नाव पूर्ण अक्षरांत घातले पाहिजे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते वाचून दाखवले पाहिजे. चिठ्ठी वाचता येईल अशी, शक्यतो मोठ्या छापील अक्षरांत लिहावी, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच सांगितले आहे. डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ झाले. हा विनोदाचा विषय नाही.

डॉक्टरांची बाजू

माझे व्यवसायबंधू म्हणतील, ‘लिहायला वेळ कुठे आहे? सकाळपासून दुपारपर्यंत साठ-सत्तर रुग्ण पाहायचे, तिथे कोडांच्या याद्या कोण चाळणार?’ ही अडचण मला ठाऊक आहे. तिशी वर्षे मी तेच करतो आहे. पण मी कोड पाठ करायला सांगत नाही. तो क्रमांक संगणक शोधील. डॉक्टरने लिहायचे ते पाच शब्द: कोणते सांधे, कोणता हात, केव्हापासून, सकाळी किती वेळ ताठर, सूज आहे की नुसते दुखणे. याला अर्धा मिनिटही लागत नाही. शर्टाचे बटण लागते का, तांब्या उचलता येतो का, हे लिहिले तर त्याहून उत्तम. पुढे अपंगत्वाच्या दाखल्याची वेळ आली, तर हात किती निकामी झाला हेच पाहिले जाते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या भेटीत निदान नक्की होत नाही, मग लिहायचे काय? उत्तर सरळ आहे. जे माहीत आहे तेवढेच लिहावे. ‘दोन्ही हातांच्या सांध्यांत दुखणे, कारण अनिश्चित, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणे’ ही अत्यंत प्रामाणिक नोंद आहे. नुसत्या सांधेदुखीसाठी यादीत एम २५.५ हा स्वतंत्र क्रमांकही आहे. उलट शंका असताना ठामपणे ‘ऱ्हुमॅटॉइड’ लिहून टाकणे हाही अन्याय आहे. ते लेबल मग त्या माणसाला चिकटते. लग्न जमवताना, नोकरीत, विम्यात ते पुढे येते. आणि रक्ताच्या एका तपासणीवरून तर ते कधीच लिहू नये. ‘आर.ए. टेस्ट पॉझिटिव्ह’ आली म्हणून आमवात झाला असे होत नाही. म्हातारपणी, क्षयरोगात, कुष्ठरोगात, यकृताच्या काही विकारांतही ती पॉझिटिव्ह येते. आणि खऱ्या आमवाताच्या काही रुग्णांत ती निगेटिव्हच राहते. निदान हात पाहून करायचे असते. रक्ताचा रिपोर्ट त्याला साक्षीदार म्हणून घ्यायचा.

आपण काय करावे?

वाचकहो, सगळा दोष डॉक्टरांवर टाकून भागणार नाही. स्वतःचा कागद नीट करून घेणे आपल्याही हातात आहे.

१. दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी एका कागदावर दोन्ही पंजे ठेवून पेन्सिलीने आखा. दुखणाऱ्या सांध्यावर फुली, सुजलेल्या सांध्यावर गोल करा. वर तारीख घाला.

२. आठवडाभर सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ पाहून लिहा.

३. अलीकडे ताप आला होता का, अंगावर चट्टे आहेत का, घरात कोणाला असा त्रास आहे का, सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून न्या. ‘पांढरी गोळी’ असे सांगू नका, पाकीट न्या.

४. उठण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘डॉक्टरसाहेब, हे झिजेचे आहे की आमवात? तेवढे चिठ्ठीवर लिहून द्याल का?’ याचा चांगला डॉक्टर राग मानत नाही.

५. तीन-चार दिवस गोळ्या घेऊन जादूसारखा आराम पडला आणि कागदावर औषधाचे नावच नसेल, पुडीतून सुट्या गोळ्या मिळाल्या असतील, तर त्यांत स्टिरॉइड असण्याची शक्यता ध्यानात ठेवा. नाव लिहून मागा. आणि अशा गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

६. रुग्णालयात दाखल झाला असाल तर कागदपत्रांच्या प्रती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच तसे स्पष्ट केले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या मिळाल्या पाहिजेत. रुग्णालयावर हे कागद सांभाळण्याचे बंधन मात्र तीनच वर्षांचे आहे. त्यामुळे प्रती वेळीच घ्या.

७. सगळे कागद तारीखवार एका फाइलीत लावा. एक्स-रे गुंडाळू नका, सपाट ठेवा. डिस्चार्ज कार्ड हातात पडताच त्यावरचे रोगाचे नाव आणि उजवा-डावा तपासा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर ती दुरुस्ती महिन्यांची होते.

दोन्ही हातांचे सांधे सुजलेले आहेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालले आहे, असे असेल तर मात्र याद्या करीत बसू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा तज्ज्ञाकडे लगेच जा. मुंबईला येणार असाल तर परळच्या के.ई.एम. रुग्णालयात संधिवातासाठी स्वतंत्र विभाग आहे. येताना पहिली चिठ्ठी बरोबर आणा. ती कितीही जुनी, चुरगळलेली असली तरी आणा. रोग केव्हा सुरू झाला हे सांगणारा तोच एक पुरावा असतो, आणि आमवातात ‘केव्हा’ या प्रश्नाच्या उत्तरावरच बोटे सरळ राहणार की वाकडी होणार, हे पुष्कळदा ठरते.